गाडी काढायची म्हणजे

"घरी दोन-दोन गाड्या उभ्या, अन् तुम्ही बर्डीला मेट्रोनं कशाला जाता?" शेजारी विचारतात, व्याही विचारतात, परवा तर एका ऑटोवाल्यानंही विचारलं. बर्डी म्हणजे आमच्या नागपूरची सीताबर्डी, गजबजलेली बाजारपेठ. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आमचं घर त्रिमूर्तीनगरात, पंधराशे फुटांच्या प्लॉटवर. बाबांनी ते 1982 मध्ये बांधलं तेव्हा घरात वाहन एकच, चेतक स्कूटर. तीही नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली. पुढे मी उभा, मागे आई एका बाजूनं बसलेली, तिच्या मांडीवर धाकटी. मे महिन्यात बाबा सीटवर ओलं पोतं टाकून ठेवायचे. सकाळी सुरू झाली नाही की तिला आडवी कलंडवायची, सरळ करायची, मग किक. गाडीला जागा लागते हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. रात्री ती फळीवरून चढवून थेट पुढच्या खोलीत. आम्ही पेट्रोलच्या वासात झोपायचो.

लाइनीत कार एकच, डॉक्टरकाकांची फियाट. ती त्यांची कमी अन् गल्लीची जास्त. बाळंतीण तिच्यातूनच जायची, नवरदेव तिच्यातूनच यायचा. धाकटीला रात्री दोनला ताप चढला तेव्हा बाबांनी नुसतं फाटक वाजवलं. काका बनियनवरच किल्ली घेऊन बाहेर आले.

मारुती 800 बाजारात आली 1983 च्या डिसेंबरात. आमच्या दारात यायला 1996 उजाडलं, तीही दुसऱ्याची वापरलेली. तिच्यासाठी अंगणातलं जामाचं झाड तोडलं (पुण्याकडे पेरू म्हणतात). आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. त्या जामांची चव काही निराळीच होती, हे मी अजूनही म्हणतो.

2011 च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी पाचांकडेही कार नव्हती. आज आमच्या लाइनीत चौदा घरं अन् एकवीस गाड्या. मी मोजल्या आहेत. रिटायर माणसाला दुसरं काम काय!

त्यातली एक मुलाची, 2021 ची, हप्त्यांवरची. ती फाटकाजवळ, माझी तिच्या मागे. म्हणजे माझी काढायची तर आधी त्याची किल्ली शोधा, त्याची रस्त्यावर काढा, माझी काढा, मग त्याची परत आत. मार्चमध्ये खिडकीला कूलर लागला की स्टँडमुळे आरसा मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. एवढं करून बर्डीला पोचा, अन् तिथं पार्किंग शोधत फिरा. त्यापेक्षा सुभाषनगरचं मेट्रो स्टेशन काय वाईट आहे बाप्पा?

परवा मुलगा विमानानं पुण्याला गेला अन् किल्ली त्याच्या खिशात गेली. संध्याकाळी व्याह्यांकडे साखरपुडा. बायको पैठणी नेसून फाटकात, मी दोन गाड्यांच्या मधे आडवा उभा. शेवटी ऑटो बोलावला. त्यानं आत डोकावून पाहिलं अन् मीटर टाकता टाकता तोच प्रश्न विचारला.