जातीचा रकाना

२०१५ च्या पावसाळ्यात मी छत्तीसगडमध्ये, अचानकमारच्या जंगलालगतच्या एका आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून काम करत होते. सहा बाळंतपणे झालेली, बैगा या आदिवासी जमातीची एक स्त्री अकरा किलोमीटर चालत आली आणि नसबंदी करून मागू लागली.

हिमोग्लोबिन साडेसात होते. शस्त्रक्रियेला किमान सात लागते, म्हणजे ती निकषात जेमतेम बसत होती. स्त्रीच्या नसबंदीला नवऱ्याची संमती लागत नाही, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. केंद्र सरकारच्या सूचनांनुसार तिची स्वतःची सही किंवा अंगठा पुरतो. तो अंगठा तिने शाई लावून पुढे धरलाही होता. अडले अर्जातल्या जातीच्या रकान्यापाशी. बैगा, कमार, पहाडी कोरवा अशा जमातींची लोकसंख्या घटते आहे, या कारणाने मध्य प्रदेश सरकारने १९७९ साली त्यांना नसबंदीतून वगळले, आणि छत्तीसगड वेगळे झाल्यावरही तो आदेश तसाच राहिला. जमात टिकवण्याचा भार अशा रीतीने हिच्या गर्भाशयावर येऊन पडला होता.

याच बिलासपूर जिल्ह्यात आदल्या नोव्हेंबरमध्ये एका नसबंदी शिबिरात ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया काही तासांत उरकण्यात आल्या होत्या, आणि त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर तेराजणी दगावल्या होत्या. इतर बायकांना उद्दिष्टाच्या आकड्यासाठी गाडीत भरून आणणारे आरोग्य खाते हिला मात्र दारातून परत पाठवत होते. दोन्हीकडे बाईला काय हवे, हे विचारण्याची कोणालाच गरज वाटली नव्हती.

मी तांबी सुचवली. रक्त कमी असलेल्या बाईला तांबीने पाळी जास्त जाते, हे मला ठाऊक होते, आणि तिलाही होते. तिने एकदा बसवून काढून टाकली होती. गोळ्यांचा पुरवठा महिनोन् महिने बंद असे. आमच्या नर्सबाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, गोंड लिहून टाका, सगळे तेच करतात." गोंडही आदिवासीच, पण त्यांना ही मनाई नव्हती. कपाळावर बैगांचे गोंदण दिसत असताना मी गोंड कशी लिहू? शिवाय शस्त्रक्रियेत काही बिघडले असते, तर खोट्या जातीचे कारण दाखवून तिच्या मुलांची भरपाई नाकारली गेली असती, अशी मला भीती होती. मी नाही म्हणाले. तिने पदराने अंगठ्याची शाई पुसली आणि ती निघून गेली.

चौदा महिन्यांनी ती सातव्या बाळंतपणाला आली, तेव्हा हिमोग्लोबिन पाच पूर्णांक आठ होते. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबेना. रक्ताच्या दोन पिशव्या जिल्ह्याहून यायला पाच तास लागले. ती वाचली.

बैगा स्त्रियांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१८ मध्ये तो आदेश रद्द झाला. ती बातमी मी पुण्यात वाचली, आणि नर्सबाईंचे ऐकले असते तर, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही. आता ती मनाई उरलेली नाही, हे त्या पाड्यावर जाऊन तिला कोणी सांगितले की नाही, ते मला कळलेले नाही.