साडेआठ इंची रिमं बसली, पण दुसऱ्या खेपेला

गाडीला रुंद रिमं टाकून आता चार महिने झाले. कोणती साईज टाकली, घासतंय का, आपल्या रस्त्यावर टिकतील का, हे इतके जण विचारायलेत की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, २०२० ची. साधी ऑक्टाव्हिया आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या प्लांटमध्येच जोडली जायची, पण ही अख्खी बनून बाहेरून आली, सगळ्या भारतासाठी फक्त २०० गाड्या. कंपनीतून २४५ पीएस ताकद आणि ३७० एनएम टॉर्क, त्यात आधीच्या मालकाने स्टेज वन रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केलेला आणि गाडी २५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकलेल्या. मला ती अशीच मिळाली आणि अशीच आवडली. अडचण एकच, पहिल्या पावसात पाय दाबला की पुढची चाकं जागेवर फिरायची, आणि मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर टायरची भिंत लवते ते हाताला कळायचं.

म्हणून टायर २३५ मिमी रुंदीचं करायचं ठरवलं. कंपनीचं रिम १८ इंची, ७.५जे (म्हणजे साडेसात इंच रुंद), ईटी ५१, त्यावर २२५/४० टायर, म्हणजे २२५ मिमी रुंद आणि भिंत त्या रुंदीच्या ४० टक्के. २३५/४० ला कमीत कमी ८ इंच रुंद रिम लागतं, साडेआठ बरोबर बसतं, म्हणजे नुसतं टायर बदलून भागत नाही. आता ईटी म्हणजे काय, तर रिमच्या रुंदीचा जो बरोबर मध्य, त्यापासून हबला (गाडीचा जो भाग रिमला बोल्टने धरतो) टेकणारी जागा किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे तो आकडा. आकडा जितका कमी तितकं चाक फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, बाहेर येतं.

पहिल्या खेपेला मी ८.५जे ईटी ३५ घेतली. दुकानदार म्हणाला एकदम फेंडरला लेव्हल बसतील, आणि उभ्या गाडीला बसलीही, फोटो तर असे आले की आठवडाभर फोनचा वॉलपेपर तोच होता. पण हिशोब करा ना, रुंदी एक इंच वाढली म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी, वर ईटी १६ ने कमी, म्हणजे बाहेरची कड कंपनीच्या चाकापेक्षा २८.७ मिमी पुढे. हा हिशोब मी आधी केला नाही.

मग दिवाळीला आई, बाबा, बायको आणि डिकीत भरगच्च सामान घेऊन परभणीला निघालो. जालना सोडून मंठ्याकडे लागलो तसं आई मागून म्हणाली, "अरे माझ्या सीटखाली काहीतरी घासायलंय की." मी आधी म्हटलं रस्त्याचा आवाज असेल. तिसऱ्यांदा आल्यावर गाडी बाजूला घेतली, मागच्या उजव्या टायरच्या खांद्यावर फेंडरच्या आतल्या पत्र्याने गोल चर पाडलेली होती, बोट फिरवलं तर हाताला लागत होती. घरची सगळी माणसं गाडीत आणि टायर कापलं जातंय, पोटात गोळा आला. तिथून परभणीपर्यंत चाळीसच्या वर नेली नाही.

यात आपल्या जमिनीचा मोठा वाटा आहे आणि बाहेरच्या देशातले फिटमेंटचे फोटो बघून हे कधीच कळत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे वरचा डांबरी रस्ता लाटेसारखा होतो. खड्डा दिसतो, आपण ब्रेक मारतो. लाट दिसत नाही, त्यात भरलेली गाडी मागून पूर्ण बसते आणि चाक थेट फेंडरमध्ये जातं. गॅरेजच्या सपाट फरशीवर दोन बोटं जागा दिसते तिचा काही उपयोग नाही.

ती रिमं नुकसान सोसून विकली. यावेळी आधी मोजलं. कंपनीचं चाक लावलेलं असतानाच घराचं काम करणाऱ्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, फेंडरच्या कडेपासून सोडला आणि टायर किती आत आहे ते चारी बाजूंनी लिहून घेतलं. मग मागे चार माणसं बसवून परत मोजलं. त्यावरून ८.५जे ईटी ४५ पक्की केली, कंपनीच्या चाकापेक्षा बाहेर १८.७ मिमी आणि आत स्ट्रटकडे (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याकडे) ६.७ मिमी जास्त. आतली जागाही बघावी लागते, लोक फक्त बाहेरचंच बघतात.

टायर २३५/४० च घेतलं, ३५ नको. ४० मध्ये भिंत ९४ मिमी, कंपनीच्या ९० पेक्षा चार जास्त, आपल्या खड्ड्यांना तेवढीच रिमला राखण. चाकाची उंची एकूण ८ मिमी वाढते, सव्वा टक्का, मीटरमध्ये फारसा फरक नाही. लोड इंडेक्स ९५, म्हणजे एका टायरला ६९० किलो, हे बघितल्याशिवाय टायर घेऊच नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बोल्ट. स्कोडाचे ओरिजिनल बोल्ट गोल बुडाचे असतात आणि बाहेरची बरीचशी रिमं निमुळत्या बुडाची. गोल बोल्ट निमुळत्या भोकात आवळला जातो, टाईटही वाटतो, पण टेकतो फक्त एका रेघेवर आणि चालता चालता ढिला पडतो. पहिल्या दुकानात मला जुनेच बोल्ट लावून दिले होते, हे मला दुसऱ्या मिस्त्रीने काढून दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला. एम१४ गुणिले १.५ चे, ६० अंश निमुळते नवीन बोल्ट घ्या, हाताने फिरवून कमीत कमी साताठ आटे आत जातायत का ते मोजा, आणि टॉर्क पान्याने १२० एनएमला आवळा. इम्पॅक्ट गनने घर्रर्र करून सोडून देणाऱ्याला हात लावू देऊ नका. शंभर किलोमीटरनंतर परत तपासा.

रिमचं मधलं भोक ६६.६ मिमी आणि आपला हब ५७.१, ती फट भरायला मधे रिंग लागते. प्लास्टिकच्या मिळतात पण ब्रेकच्या उष्णतेने त्यांचं काय होतं ते मी बघितलंय, म्हणून चिकलठाणा एमआयडीसीत ओळखीच्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या चार टर्न करून घेतल्या. इतक्या नेमक्या बसल्या की ढकलताना हवा दबून फुस्स आवाज आला. त्या दादांनी मजुरी घ्यायलाच नकार दिला, गाडी बघू द्या म्हणाले, मग त्यांना बीड बायपासला एक चक्कर मारून आणली.

फेंडरची आतली कड हीट गनने गरम करत करत वर दुमडली, घाई केली की रंग तडकतो आणि गंज धरतो. नंतर अलाइनमेंट. इन्शुरन्सवाल्यांनाही लेखी कळवून ठेवलं.

फरक? पावसात पकड वाढली आणि घाटात टायर सरळ उभं राहतं. एक तोटाही आहे, ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत स्टेअरिंग आता जास्त ओढतं, दोन्ही हात लागतात. समृद्धीवर जायच्या दिवशी सकाळी गाडी थंड असतानाच हवा तपासतो, उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर टायर फार तापतं.

मागच्या महिन्यात परत परभणी केली, तीच माणसं, तेवढंच सामान, मंठ्याचा तोच पट्टा. आई पूर्ण रस्ताभर झोपली होती. फक्त रिव्हर्समध्ये स्टेअरिंग पूर्ण कापलं की पुढचं डावं टायर आतल्या लायनरला (फेंडरच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला) जरासं लागतं, तो लायनर येत्या रविवारी मागे दाबून बसवायचाय.