फायटरची पिल्लं जगवणं: बेळगावच्या हवेतला माझा अनुभव

फायटर माशाची, म्हणजे बेट्टाची, जोडी लावणं सोपं आहे. पिल्लं जगवणं अवघड. अंडी दोनशे-तीनशे पडतात आणि आठवडाभरात टाकी रिकामी होते, ही तक्रार आमच्याकडे हा नाद असलेल्या बऱ्याच जणांची. कारण बहुधा एकच निघतं: जोडी सोडली तेव्हा पिल्लांचं खाणं तयार नव्हतं. म्हणून मी सुरुवात माशांपासून करत नाही, भाताच्या गवतापासून करतो.

मूठभर वाळलेलं गवत दोन लिटर पाण्यात उकळून गार करायचं, त्यात चालू टाकीतलं पेलाभर पाणी घालायचं आणि बरणी उजेडात, पण थेट उन्हात नाही, अशी ठेवायची. गवत औषध न मारलेल्या शेतातलंच हवं. आधी पाणी दुधाळ होतं आणि वास मारतं. ते जिवाणू, पिल्लांना अजून उपयोग नाही. आठवडाभरात पाणी निवळतं, वास जातो आणि बॅटरीच्या उजेडात बारीक धूळ हलताना दिसते. हाच इन्फुसोरिया, म्हणजे पिल्लांचं पहिलं खाणं असलेले सूक्ष्म जीव. याच वेळी दुसऱ्या डब्यात ओट्सच्या लगद्यावर मायक्रोवर्मचं, म्हणजे पिल्लांना पुढे चारायच्या बारीक किड्यांचं, विरजण लावून ठेवतो.

बरणी निवळेपर्यंत नर-मादी वेगवेगळी ठेवून डासांच्या अळ्यांवर पोसायची. तळ्यातून आणलेल्या अळ्या गाळून, निवडून घ्याव्यात. त्यातून चतुराची अळी आली तर ती पुढे पिल्लं फस्त करते. नर पाच महिन्यांपासून वर्षापर्यंतचा, मादी त्याच्यापेक्षा किंचित लहान. अर्धचंद्रासारख्या शेपटीचा हाफमून दिसायला देखणा, पण शेपटीच्या ओझ्याने अंडी पाडताना मादीला मारायची त्याची मिठी नीट बसत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने आखूड पंखांचा प्लाकाट घ्यावा.

टाकी तीस-चाळीस लिटरची, पाणी फक्त पाच इंच, तळाला खडी नाही. खोल पाण्यात खाली पडलेलं अंडं नराला परत वर नेणं जड जातं आणि खडीत पडलेलं तर सापडतच नाही. नळाचं पाणी राकसकोप धरणाचं असो की हिडकल धरणाचं, क्लोरीन असतंच. दोन दिवस उघड्या बादलीत ठेवूनच वापरतो. देशी बदामाचं झाडावरून पिकून गळलेलं एक पान, मादीला लपायला थोडी जलवनस्पती आणि घरटं धरायला थर्माकोलचा अर्धा कप पालथा. पाणी 28 अंश. बेळगावात थंडीच्या रात्री पारा 15 अंशांच्या आसपास येतो, पावसाळ्यातही गारठा असतो, म्हणून 50 वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर लागतोच. लाईट गेली की टाकीभोवती जाड घोंगडं.

मादीला कंदिलाच्या काचेत घालून ती काच टाकीत उभी करायची. नर कपाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधू लागला आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे, पोटाखाली पांढरा ठिपका दिसला, की काच उचलायची. पट्टे आडवे असतील तर ती घाबरलेली आहे. तेव्हा सोडलं तर पंख फाटतात. मिठ्या काही तास चालतात. नर मादीला घरट्याखाली सोडेनासा झाला की लगेच तिला बाहेर काढायचं.

यापुढे नराला खाणं नाही आणि टाकीला हात नाही. मंद दिवा रात्रभर, म्हणजे पडलेलं अंडं त्याला दिसतं. वारंवार डोकावलं की नर अंडी खातो. साधारण दीड दिवसात पिल्लं फुटतात आणि घरट्याला शेपटी खाली करून लोंबकळतात. एखादं निसटून तळाकडे जातं, नर ते तोंडात धरून परत बुडबुड्यांत थुंकतो. आणखी दोन-तीन दिवसांत ती आडवी पोहू लागतात. त्याच दिवशी नर वाटीने काढायचा, जाळीने नाही.

पोटातली पिवळी पिशवी आता संपलेली असते, आणि बहुतेकांची पिल्लं इथेच उपाशी मरतात. इन्फुसोरियाचं पाणी अर्धी वाटी, दिवसातून तीनदा. चार-पाच दिवसांनी थोडे मायक्रोवर्म आणि ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती फुटलेली पिल्लं: एक लिटर पाणी, 25 ग्रॅम जाडं मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, खालून जोरात हवा, 28 अंशांत एक दिवस. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की टरफलं वर येतात, नारिंगी पिल्लं खाली बसतात. नळीने खालचीच ओढायची, रुमालावर गाळून गोड्या पाण्यात धुवायची. खाल्ल्यावर माशाच्या पिल्लांची पोटं नारिंगी दिसली पाहिजेत. तळाला उरलेलं खाणं ड्रॉपरने रोज उचलायचं, नाहीतर पाणी नासतं.

पहिला आठवडा पाणी बदलत नाही. मग रोज दहावा भाग, हवेच्या बारीक नळीने, टोकाला कापड बांधून. नवं पाणी त्याच तापमानाचं, थेंबाथेंबाने. स्पंज फिल्टर असेल तर बुडबुडे मोजता येतील इतका हळू.

तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं वर येऊन हवा घेऊ लागतात. गार हवा लागली की एकेक करत जातात, म्हणून टाकीवर प्लास्टिकचा कागद ताणून बसवायचा, एका कोपऱ्यात फट ठेवून. अंग आक्रसून काचेला घासणारी पिल्लं दिसली तर बाजूने बॅटरी मारावी. अंगावर सोनेरी भुकटी दिसली तर तो व्हेल्वेट, परजीवीमुळे होणारा रोग. त्या परजीवीला उजेड लागतो, म्हणून टाकी झाकून अंधार करायचा, तापमान 30, लिटरमागे एक ग्रॅम मीठ. तांब्याची औषधं एवढ्या लहान पिल्लांना सोसत नाहीत.

आठ-दहा आठवड्यांत नर एकमेकांवर गालफडं फुगवू लागतात. मग प्रत्येकाला वेगळी बाटली, आणि बाटली लहान असल्याने दोन दिवसांआड सगळ्यांचं पाणी बदलणं आलं. माद्या एकत्र राहतात, पण त्यांना गिऱ्हाईक कमी. पुढची जोडी लावायच्या आधी मी मांडणीवर किती बाटल्या मावतील ते मोजतो.