आमची वाटचाल: हॅरिस पार्क ते कॅब्रामाटा

आमची फर्म म्हणजे मी, नवरा आणि शनिवारी मदतीला येणारी एक कॉलेजची मुलगी, बस. काम काय, तर सिडनीतल्या मराठी आणि एकूणच देशी मंडळींना कॅब्रामाटाला, म्हणजे सिडनीतल्याच व्हिएतनामी वस्तीच्या उपनगरात, नेऊन व्हिएतनामी जेवण खाऊ घालणं. "लोक जेवायला नेण्याचे पैसे देतात?" असं सासूबाईंनी पुण्याहून फोनवर विचारलं होतं, त्यांना अजूनही पूर्ण पटलेलं नाहीये.

झालं असं की आम्ही राहायचो हॅरिस पार्कला, खाली उतरलं की डोसा, छोले, पाणीपुरी सगळं हजर, आणि तिथूनच टी-५ लाइनची ट्रेन पकडली की मेरीलँड्स, फेअरफिल्ड करत थेट कॅब्रामाटा. तरी आपल्यातलं कोणी तिकडे जेवायला जायचं नाही. कारणं ठरलेली, सगळ्यात बीफ असतं, सगळ्यात फिश सॉस असतो, मेन्यू कळत नाही. पहिली दोन कारणं अर्धीच खरी आहेत आणि उरलेल्या अर्ध्यावर आमचं पोट चालतं.

आता फो घ्या, म्हणजे व्हिएतनामी नूडल्सचं सूप. नेहमीचा फो बीफच्या हाडांचा, तासन्‌तास उकळलेला, तो आमच्या बऱ्याच लोकांना चालत नाही. पण फो गा म्हणजे चिकनचा असतो, फक्त त्याचा रस्सा वेगळ्या पातेल्यात केलाय की मूळ बीफचाच ओतलाय हे मेन्यूवर कुठे लिहिलेलं नसतं, ते किचनमध्ये जाऊन विचारावं लागतं, आणि ते विचारणं हेच आमचं खरं काम. रश्श्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे, मसाला वेलची, शिवाय आचेवर काळा होईपर्यंत भाजलेला कांदा आणि आलं. एक काकू पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "मसाला सगळा आपलाच आहे गं, फोडणी तेवढी राहिली."

शाकाहारी लोकांचं तर उलट सोपं निघालं. पाटीवर 'चाय' (chay, आपला चहा नव्हे) लिहिलेलं हॉटेल म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी, तिथे फिश सॉसच्या जागी सोयाचा सॉस, आणि पक्के बौद्ध कांदा-लसूणही खात नाहीत त्यामुळे आमचे जैन ग्राहकसुद्धा जेवतात (अर्थात प्रत्येक हॉटेलात ते पाळतातच असं नाही, इथेही विचारावं लागतं). चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला भाविक व्हिएतनामी लोक शाकाहार करतात, मग त्या दिवशी तिथे जागा मिळणं अवघड. म्हणून आमच्या भिंतीवर कालनिर्णय आहे, पौर्णिमा आली की बुकिंग आधी करायचं! तिथला बान्ह सेओ सगळ्यांना आवडतो, तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, म्हणजे आपलं घावनच पण कुरकुरीत, आत मोड आणि मुगाची डाळ, तुकडा तोडून लेट्यूसच्या पानात गुंडाळायचा आणि सॉसमध्ये बुडवायचा. पहिल्यांदा सगळे काटा-चमचाच मागतात.

दुकानदारांशी जमायला मात्र वेळ लागला. ही छोटी हॉटेलं टेबल भराभर रिकामी होण्यावर चालतात, बाउल संपला की माणूस उठतो, आणि आपली मंडळी जेवण झाल्यावर खरी गप्पा मारायला बसतात. एका मालकीणबाईंनी सरळ सांगितलं की रविवारी दुपारी ग्रुप आणू नका. बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून ग्रुप आठच्या वर नाही, पैसे आधी द्यायचे, तेही कॅश, आणि गप्पा मारायच्या तर बाहेर उसाच्या रसाच्या दुकानापाशी. तिथे रसात कमक्वाट नावाचं इवलंसं आंबट संत्रं पिळतात, मला तर आल्या-लिंबाच्या रसापेक्षा तेच आवडायला लागलंय, गावी बोलायची सोय नाही.

फिरताना इतिहासही सांगतो, पण थोडाच. १९७३ मध्ये व्हाइट ऑस्ट्रेलिया धोरण, म्हणजे गोऱ्या नसलेल्यांना येऊ न देण्याचं, संपलं, १९७५ मध्ये व्हिएतनाम युद्धात सायगॉन पडलं, मग निर्वासित आले, त्यांना जवळच्या मायग्रंट हॉस्टेलांत ठेवलं आणि तिथून बाहेर पडल्यावर लोकांनी स्टेशनजवळच स्वस्तात घरं, दुकानं घेतली. ९० च्या दशकात हेरॉइनमुळे हे नाव बदनाम झालं, १९९४ मध्ये इथल्या आमदाराचा, जॉन न्यूमन यांचा, घराबाहेर गोळ्या घालून खून झाला. काही ग्राहकांना याच गोष्टींमध्ये रस असतो, "ते ड्रग्जवाले रस्ते दाखवा ना". नाही दाखवत. ज्या लोकांनी त्या काळातही शटर उघडी ठेवली त्यांच्याच दुकानात बसून ते विषय चघळणं मला बरं वाटत नाही, बुकिंग गेलं तरी चालेल.

२०२१ च्या लॉकडाउनमध्ये फेअरफिल्ड कौन्सिलचा सगळा भाग कडक निर्बंधांत होता, आमचं काम ठप्प. त्यावर जास्त काय लिहू.

आता सगळ्यात जास्त बुकिंग येतं ते भारतातून आलेल्या आईवडिलांचं, कारण मुलं ऑफिसला आणि हे घरी कंटाळलेले. वडील मंडळी कंडेन्स्ड मिल्कवाल्या बर्फाच्या कॉफीवर जाम खूश असतात, डायबिटीसचं मग आम्हालाच बघावं लागतं. बँक्सटाउनच्या सायगॉन प्लेसलाही, म्हणजे तिथल्या व्हिएतनामी बाजारपेठेत, वॉक सुरू करायचाय, दोन दुकानांशी बोलणं चालूय, नवरा म्हणतो आधी आहे ते नीट करू. त्यामुळे सध्या शनिवार सकाळ आणि कॅब्रामाटाच. नाश्ता न करता या.