पालथा कप

मंगळवारी दुपारी चाची अचानक आल्या. निपाणीला मुलाकडे राहायला गेल्यापासून त्यांचे बेळगावच्या शहापुरात येणे जवळजवळ थांबलेच आहे, त्यामुळे मला फार आनंद झाला. चहा केला, चिवडा दिला, तासभर बोललो. उठताना त्यांनी आपला कप उचलला, मोरीत नेऊन विसळला आणि कठड्यावर, आमच्या भांड्यांपासून वीतभर लांब, पालथा घातला. मी "राहू दे हो चाची" म्हणाले खरे, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले नाही. तीन दिवस झाले, ते वीतभर अंतर डोळ्यांसमोरून हलत नाही.

आत्याबाईंच्या वेळी चाचींचा कप वेगळा असे, निळ्या फुलांचा, परसदारच्या कोनाड्यात ठेवलेला. तो मी काढून टाकला, त्यालाही आता वीस वर्षे होतील, आणि आपण मोठे काम केले असे मला वाटत राहिले. पण त्यांचा कप आता वेगळा नाही, हे चाचींना कुणी सांगितलेच नव्हते.

पहिल्या रात्री मला रागच आला. जी रीत मी सुरू केली नाही, उलट मोडली, तिची लाज माझ्याच पदरात का पडावी, असे वाटून रडू आले. यांच्याशी त्यावरून जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही.

मग शेवया आठवल्या. चाचींनी ईदेला आमच्याकडे शिजवलेला शिरखुर्मा कधी पाठवला नाही. बारीक शेवया, साखर, खारीक, चारोळी, सगळे कोरडे, वेगवेगळ्या पुड्यांत बांधून यायचे, म्हणजे दूध आमचे, भांडे आमचे आणि आत्याबाईंचे सोवळे अबाधित. एवढा विचार त्यांच्यासाठी आमच्या घरात कुणी केला होता, हे आठवू पाहते आणि आठवत नाही.

आमच्या दारावर 'अतिथिदेवो भव' अशी पितळी पाटी आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत हे वचन ज्या अनुवाकात येते, त्यातच पुढे 'ह्रिया देयम्' असेही आहे, म्हणजे द्यावे ते लाजून, संकोचून द्यावे. संकोच देणाऱ्याने करायचा होता. माझ्या घरात तो चाची करत आल्या.

याच बेळगावात, १८९२ च्या ऑक्टोबरात, स्वामी विवेकानंद भाटे वकिलांकडे उतरले होते. जेवणानंतर संन्याशाने विडा आणि तंबाखू मागितल्यावर घरची मंडळी चपापली होती. अहिंदूंच्या हातचे घेता का, असे विचारल्यावर मुसलमानांचे अन्न आपण प्रसंगी घेतले आहे, असे स्वामीजींनी सांगितले. वकिलांच्या मुलाने हे लिहून ठेवले आहे. त्या काळातल्या ब्राह्मण घराला ते ऐकणे सोपे गेले नसेल, तरी त्यांनी पाहुण्याला ठेवून घेतले. आणि मला चाचींच्या हातातून एक कप घेता आला नाही.

आज सकाळी शेवटी फोन केला. कपाचा विषय मला काढता आला नाही. येत्या ईदेला शेवया कोरड्या पाठवू नका, शिरखुर्मा तुमच्याच हातचा करून पाठवा, एवढेच म्हणाले. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग त्यांनी विचारले, "घरात सगळ्यांना चालंल न्हवं?"

मी हो म्हटले, या वेळी मोठ्याने. त्यावर चाची म्हणाल्या, "मग साखर कमी घालते. तुमचंबी वय झालं आता."