आधी हवा बघा, मग गन

गाडी घरीच उघडायची ठरवल्यावर गंज काढायला सगळ्यात आधी मी सँडब्लास्टिंगची, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने बारीक कठीण दाण्यांचा मारा करणारी, गन घेतली. तिथेच चुकलं. सस्पेन्शनचा एक ब्रॅकेट समोर ठेवून ट्रिगर दाबला. काही सेकंद असा झकास पत्रा निघाला की मीच खूश! मग प्रेशरचा काटा ९० पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) ४० वर घसरला, गन फुसफुसायला लागली आणि कॉम्प्रेसर धापा टाकत बसला. तळहाताएवढ्या ब्रॅकेटला अख्खी संध्याकाळ गेली.

गन बिचारी ठीकच होती. प्रेशर छोटा कॉम्प्रेसरही देतो. त्या प्रेशरला मिनिटाला किती घनफूट हवा टिकते, म्हणजे सीएफएम किती, हे मी बघितलंच नव्हतं. त्यात कॉम्प्रेसरच्या पाटीवर बऱ्याचदा डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टनच्या फेऱ्यांवरून काढलेल्या हवेचा, आकडा असतो. प्रत्यक्षात बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याहून कमी. ३ मिमी भोकाच्या नोझलला (गनच्या तोंडाला) ९० पीएसआयला वीसेक सीएफएम लागते, माझा दोन एचपीचा कॉम्प्रेसर त्याच्या निम्मीही देत नव्हता. टाकी मोठी घेतली असती, तर धाप थोडी उशिरा लागली असती, एवढंच. आणि नोझल झिजतं. ३ चं ४ मिमी झालं की हवा जवळपास पावणेदोनपट खातं. सिरॅमिकचं तर फारच लवकर झिजतं, म्हणून आता टंगस्टन कार्बाइडचं वापरतो.

शेवटी १६ सीएफएम एफएडीचा, पाच एचपीचा कॉम्प्रेसर घेतला (घरची वायरिंग त्याला पुरेल का, हे आधी इलेक्ट्रिशियनला विचारून) आणि त्याला झेपेल असं अडीच मिमीचं नोझल. डब्यातले दाणे हवेच्या झोताने ओढून घेणारी सायफन गन बाजूला ठेवून प्रेशर पॉट, म्हणजे दाण्यांची दाबाखालची बंद टाकी, आणली. पॉट दाणे हवेबरोबर ढकलतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत काम कितीतरी भराभर होतं. फक्त आतलं प्रेशर पूर्ण सोडल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

मग पाण्याने छळलं. वॉटर सेपरेटर मी कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच लावला होता. तिथे हवा गरम, वाफ तशीच पुढे जायची आणि गार झाली की पाणी व्हायची. पॉटमधल्या गार्नेटचे (माऱ्यासाठी वापरतो ते कठीण खनिजाचे दाणे) ओले गोळे चमच्याने खरवडून काढले तेव्हा हे कळलं. आता मध्ये लोखंडी पाइपचा लांब वेढा आहे, हवा त्यात निवते आणि मगच सेपरेटरमध्ये येते.

नावात सँड असलं तरी वाळू मी वापरली नाही, वापरू नका. फुटलेल्या वाळूची बारीक सिलिका फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्याला उलटा रस्ता नाही. गार्नेटलाही बाहेरून ताजी हवा पुरवणारं हूड घालतोच. साधा कापडी मास्क म्हणजे मनाचं समाधान.

चॅसिस सुंदर निघाली. त्या जोशात बोनेटही त्याच प्रेशरला, सरळ समोरून मारलं. दाण्यांच्या माऱ्याने एका बाजूचा पृष्ठभाग ताणला गेला आणि मधोमध फुगवटा आला. दारांच्या वेळी शहाणा झालो: प्रेशर निम्म्यावर, गन तिरकी, हात सतत फिरता. बोनेट मात्र अजूनही अंगठ्याने दाबलं की ‘टक्’ करून आत जातं आणि सोडलं की ‘टक्’ करून वर येतं.