सध्याची नोंद: 'बनगरवाडी' आणि 'कोर्ट'

या वेळी वाचन कमी झालं, पण जे झालं ते अगदी मनाजोगतं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी एकदाची सलग वाचली. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे शाळा चालवायला आलेला पोरसवदा मास्तर, कारभारी, आयबू, चोऱ्या करणारा आनंदा रामोशी. मला सगळ्यात जास्त हलवलं ते शेकूच्या प्रसंगानं. औताला दुसरा बैल नाही म्हणून त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतःच जुंपून घेते. माडगूळकर हे नुसतं दाखवतात. हळहळ नाही की गरिबीवर भाष्य नाही, आणि म्हणूनच ते डोळ्यांपुढून हलत नाही. गावानं मिळून तालीम उभी केल्यावर वाटतं, आता वाडीचं भलं होणार. मग दुष्काळ पडतो.

लगोलग अमोल पालेकरांचा त्यावरचा चित्रपट (१९९५) पाहिला. प्रामाणिक आहे, माळरान छान दिसतं. तरी माझं मन पुस्तकातच राहिलं. मास्तरचं एकटेपण त्याच्याच तोंडून ऐकण्याची सर पडद्याला येत नाही.

त्याच तंद्रीत चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट दुसऱ्यांदा लावला. पहिल्या खेपेला सगळं लक्ष लोकशाहीर नारायण कांबळेंच्या खटल्यावर होतं. वीरा साथीदारांनी ती भूमिका काय ताकदीनं केलीय! या खेपेला मात्र सरकारी वकील नूतनच्या घरी जास्त रेंगाळलो. गीतांजली कुलकर्णींनी साकारलेली ही बाई मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, सुट्टीला कुटुंबासोबत नाटकाला जाते. तिचा राग करावा म्हटलं तर करता येत नाही, आणि कोर्टात तीच थंडपणे जुने कायदे वाचून दाखवते. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईची सुनावणीच न्यायाधीश पुढे ढकलतात, तिथेही कॅमेरा लांब, स्थिर. सुट्टी लागते, कोर्टातले दिवे मालवतात, अंधार होतो. संपला म्हणून उठू नका! न्यायाधीशांच्या सहलीचा खरा शेवट त्यानंतर आहे.

माडगूळकर आणि ताम्हाणे, दोघांचाही वाचणाऱ्या-पाहणाऱ्यावर पुरता विश्वास आहे. असं काम मला फार आवडतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' चालू आहे. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्यापाशीच अजून अडकलोय, इतकं ते रंगलंय. त्यानंतर माडगूळकरांचीच वानरांवरची 'सत्तांतर' घेणार.